हायस्कूलमध्ये शिक्षक व्हायचंय? मग बीएडच्या आधी पदवीचे विषय ठरवा

बारावीचा निकाल लागला की हडपसरमधल्या बऱ्याच घरांत एक ठरलेला संवाद होतो. मुलगी म्हणते, मला शिक्षिका व्हायचंय. घरचे म्हणतात, "मग आधी कुठलंही ग्रॅज्युएशन कर, पुढे बीएड करता येईल."

सल्ला साधा वाटतो आणि अर्धा बरोबरही आहे. हायस्कूलच्या शिक्षकाला पदवी आणि बीएड दोन्ही लागतं. गडबड आहे ती 'कुठलंही' या शब्दात. बीएडमुळे तुम्ही 'प्रशिक्षित शिक्षक' ठरता, पण कोणता विषय शिकवू शकता हे तुमच्या बीए किंवा बीएस्सीच्या गुणपत्रिकेवरून ठरतं. पदवीचे विषय शाळेच्या विषयांशी जुळले नाहीत, तर पाच वर्षं शिकूनही जाहिरातीतलं पद आपल्यासाठी नाही, असं शेवटी कळतं.

म्हणून हा निर्णय उलट्या बाजूने घ्यावा लागतो. आधी कोणत्या इयत्तेला शिकवायचं, मग कोणता विषय, मग पदवी आणि सगळ्यात शेवटी बीएड.

पहिला प्रश्न : कोणत्या इयत्तेला शिकवायचं?

शिक्षकाची किमान पात्रता राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद म्हणजे एनसीटीई ठरवते. ढोबळमानाने चार टप्पे आहेत.

• पहिली ते पाचवी : बारावी आणि दोन वर्षांचा डीएलएड (पूर्वीचं डीएड). सोबत टीईटीचा पेपर एक.

• सहावी ते आठवी : पदवी आणि डीएलएड, किंवा किमान ५० टक्क्यांसह पदवी आणि बीएड. सोबत टीईटीचा पेपर दोन.

• नववी आणि दहावी : पदवी किंवा पदव्युत्तर पदवीत किमान ५० टक्के आणि बीएड.

• अकरावी आणि बारावी : त्याच विषयात किमान ५० टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी आणि बीएड.

यात दोन गोष्टी नीट लक्षात घ्यायला हव्यात.

पहिली गोष्ट, बीएड ही डीएडपेक्षा 'मोठी' पदवी आहे, त्यामुळे ती सगळीकडे चालेल असा समज अजूनही आहे. तो चुकीचा आहे. २०१८ मध्ये एनसीटीईने बीएडधारकांना पहिली ते पाचवीसाठी परवानगी दिली होती. पण ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातून आलेल्या प्रकरणात निकाल दिला, की प्राथमिक वर्गांसाठी बीएड ही पात्रता धरता येणार नाही. लहान मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण वेगळं असतं आणि ते डीएलएडमध्ये मिळतं, असं त्यामागचं कारण आहे. त्यामुळे लहान मुलांना शिकवायची आवड असेल तर बीएडकडे वळून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट, महाराष्ट्रात 'हायस्कूल' म्हणजे फक्त नववी-दहावी नव्हे. बहुतेक माध्यमिक शाळा पाचवी ते दहावी अशा असतात. हडपसरमधलं रयत शिक्षण संस्थेचं साधना विद्यालय असो की दुसरं एखादं जुनं हायस्कूल, शिक्षक भरताना त्यांना सहावी ते आठवीची पदंही भरावी लागतात. त्या पदांसाठी टीईटी लागते. म्हणून 'मला हायस्कूलमध्ये जायचंय, टीईटीचं काय काम' असं म्हणणारा उमेदवार बऱ्याच जागा आधीच गमावून बसतो.

दुसरा प्रश्न : कोणता विषय?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

राज्य मंडळाच्या नववी-दहावीच्या वेळापत्रकात काय असतं ते बघा. मराठी, हिंदी, इंग्रजी किंवा संस्कृतसारख्या भाषा. गणित. विज्ञान आणि तंत्रज्ञान. इतिहास व राज्यशास्त्र. भूगोल. अनुदानित शाळांमधली नेहमीची पदं याच विषयांची असतात. तुमच्या पदवीचा मुख्य विषय या यादीत असेल तर वाट सोपी. नसेल तर प्रत्येक जाहिरातीत 'आपण बसतो का' हे शोधत बसावं लागतं.

काही उदाहरणं घेऊ.

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा गणित घेऊन बीएस्सी केली, तर गणित-विज्ञानाच्या पदांकडे सरळ जाता येतं.

मराठी, हिंदी किंवा इंग्रजी घेऊन बीए केलं तर भाषेची पदं, इतिहास किंवा भूगोल घेऊन केलं तर सामाजिक शास्त्रांची पदं.

मानसशास्त्र, समाजशास्त्र किंवा तत्त्वज्ञान घेऊन बीए केलं तर अडचण येते. हे विषय दहावीपर्यंत स्वतंत्रपणे शिकवलेच जात नाहीत. ते अकरावी-बारावीला येतात आणि तिथे एमए लागतं. म्हणजे ज्याला मानसशास्त्रच शिकवायचं आहे त्याने बीए, एमए आणि बीएड अशी सात वर्षांची तयारी ठेवावी.

बीकॉमचंही असंच आहे. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला महाराष्ट्रात बीएडला प्रवेश मिळतो. पण पुस्तपालन, वाणिज्य संघटन, चिटणिसाची कार्यपद्धती हे विषय अकरावीपासून सुरू होतात. त्यामुळे कॉमर्सवाल्यांची खरी जागा ज्युनिअर कॉलेजात आहे आणि त्यासाठी एमकॉम लागतं. बीकॉम-बीएड करून हायस्कूलमधल्या पदाची वाट बघण्यात वेळ जातो.

हडपसरमध्ये आणखी एक गोष्ट होते. मगरपट्टा आणि आजूबाजूच्या आयटी पार्कमुळे बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, बीसीए, बीबीए अशा पदव्यांकडे ओढा जास्त आहे. आयटीतली नोकरी मिळाली तर ठीक, नाही तर 'शिक्षक होऊ' असा विचार पुढे येतो. पण शाळेच्या नेहमीच्या पदांशी या पदव्या सहजी जुळत नाहीत. ज्यांच्या मनात शिक्षकी हा दुसरा का होईना पर्याय आहे, त्यांनी हे अकरावी-बारावीतच लक्षात घ्यावं.

मेजर-मायनरचा इथे काय संबंध?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीची रचना बदलली आहे. हडपसरचं अण्णासाहेब मगर महाविद्यालय आणि एस. एम. जोशी कॉलेज ही दोन्ही याच विद्यापीठाची संलग्न महाविद्यालयं आहेत. आता विद्यार्थ्याला एक मुख्य विषय म्हणजे मेजर आणि एक दुय्यम विषय म्हणजे मायनर घ्यावा लागतो.

शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यासाठी मायनर ही नुसती औपचारिकता नाही. शाळेत शिक्षकाला एकाच विषयाचे तास क्वचितच मिळतात. इतिहासवाल्याला भूगोल घ्यावा लागतो, गणितवाल्याला विज्ञान. शिवाय बऱ्याच बीएड महाविद्यालयांत शिकवण्याचे दोन विषय, म्हणजे दोन 'मेथड' घ्याव्या लागतात. त्यामुळे मेजर आणि मायनर दोन्ही शाळेत शिकवले जाणारे विषय निवडले, तर पुढे फायदा होतो. इतिहास आणि मराठी, भूगोल आणि इतिहास, रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित अशा जोड्या उपयोगी पडतात. आपल्या महाविद्यालयात कोणती जोडी मिळते हे प्रथम वर्षाचा फॉर्म भरायच्या आधी कार्यालयात विचारून घ्यावं.

केंद्रीय विद्यालयांची अट बघितली तर हे आणखी स्पष्ट होतं. तिथे सहावी ते दहावीच्या शिक्षकाला टीजीटी म्हणतात. टीजीटी गणितासाठी पदवीला गणित आणि त्यासोबत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स, संख्याशास्त्र यांपैकी दोन विषय लागतात. टीजीटी विज्ञानासाठी वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र हे विषय लागतात. म्हणजे भौतिकशास्त्रात उत्तम गुण मिळवलेला विद्यार्थीही तिथे 'विज्ञान' शिक्षकाच्या पदाला बसत नाही. त्याचा मार्ग गणिताच्या पदातून जातो, तोही गणित घेतलेलं असेल तरच.

तिसरा प्रश्न : बीएड कोणत्या मार्गाने?

सध्या तीन मुख्य मार्ग आहेत.

१. पदवीनंतर दोन वर्षांचं बीएड. बहुतेक जण याच वाटेने जातात. तीन वर्षं पदवी आणि दोन वर्षं बीएड, एकूण पाच वर्षं. पूर्वी बीएड एका वर्षाचं होतं. एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांनंतर, २०१५-१६ पासून ते दोन वर्षांचं झालं. या वाटेचा फायदा असा, की पदवीची तीन वर्षं विचार करायला मिळतात. मन बदललं तर पदवी हातात राहते.

२. बारावीनंतर चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम. यात पदवी आणि बीएड एकत्र होतं आणि एक वर्ष वाचतं. केंद्राच्या धोरणानुसार आता याचं नवं रूप आयटीईपी या नावाने २०२३-२४ पासून सुरू झालं आहे. त्याच्या प्रवेशासाठी राष्ट्रीय परीक्षा यंत्रणेची एनसीईटी ही परीक्षा द्यावी लागते. महाराष्ट्रातल्या जुन्या बीए-बीएड, बीएस्सी-बीएड अभ्यासक्रमांसाठी राज्याची वेगळी सीईटी घेतली जात असे. पण जुने चार वर्षांचे अभ्यासक्रम बंद करून त्यांचं आयटीईपीत रूपांतर करायचं एनसीटीईने ठरवलं आहे. त्यामुळे प्रवेश घेताना 'हा अभ्यासक्रम जुना आहे की आयटीईपी आणि यंदाची मान्यता आहे का' हे विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत.

हा मार्ग बारावीतच ज्याचा निर्णय पक्का आहे त्याच्यासाठी चांगला. मात्र अशा संस्था कमी आहेत आणि प्रवेश मिळाला तर बाहेरगावी राहायची तयारी ठेवावी लागते. भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था महाराष्ट्रासह पश्चिम भागातल्या राज्यांसाठी आहे. पुण्यातून तिकडे जाणारे विद्यार्थी असतात.

३. दूरशिक्षणातून बीएड. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं बीएड प्रसिद्ध आहे. पण ते आधीच प्रशिक्षित असलेल्या आणि सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी आहे. म्हणजे डीएड करून शाळेत शिकवणारा शिक्षक नोकरी न सोडता बीएड करू शकतो. नुकताच पदवीधर झालेला, शाळेत नसलेला विद्यार्थी यात बसत नाही. सोशल मीडियावर 'घरबसल्या बीएड, हजेरीची गरज नाही' अशा जाहिराती येतात. बीएडमध्ये प्रत्यक्ष शाळेत जाऊन शिकवणं सक्तीचं आहे, त्यामुळे अशी जाहिरात दिसली की दूर राहिलेलं बरं.

एक वर्षाचं बीएड परत येतंय का?

फेब्रुवारी २०२५ मध्ये एनसीटीईने नव्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी एक वर्षाचं बीएड सुचवलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही हा विचार होता. त्याच धोरणात २०३० पर्यंत चार वर्षांचं एकात्मिक बीएड ही शिक्षकाची किमान पात्रता करण्याचं उद्दिष्ट आहे. मात्र तीन वर्षांच्या पदवीनंतरचं दोन वर्षांचं बीएडही त्यात धरलेलं आहे.

याचा विद्यार्थ्यासाठी अर्थ काय? नुसत्या मसुद्यावर विसंबून पदवीचं चौथं वर्ष करू नये. मुख्य विषयाचा खोल अभ्यास करायचा असेल, पुढे एमएस्सी किंवा एमए करायचं असेल तर चौथं वर्ष उपयोगी आहे. केवळ 'बीएड एका वर्षात उरकेल' या आशेवर ते करण्यात फायदा नाही, कारण तीन अधिक दोन आणि चार अधिक एक यांची बेरीज पाचच होते.

प्रवेश कसा मिळतो?

महाराष्ट्रात दोन वर्षांच्या बीएडला राज्य सीईटी कक्षाची परीक्षा द्यावी लागते. १०० प्रश्न, १०० गुण, ९० मिनिटं. मानसिक क्षमतेवर ४०, सामान्य ज्ञानावर ३० आणि शिक्षक अभियोग्यतेवर ३० प्रश्न असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नये. इंग्रजी माध्यमातून बीएड करायचं असेल तर इंग्रजीची वेगळी चाचणी असते.

पदवीला खुल्या प्रवर्गासाठी ५० टक्के आणि राज्यातल्या राखीव प्रवर्गांसाठी ४५ टक्के गुण लागतात. पदवीला टक्के कमी पडले, पण पदव्युत्तर पदवीला ५० टक्के असतील तरीही रस्ता मोकळा होतो. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच सीईटी देता येते. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे दर वर्षी काही विद्यार्थी निकालाची वाट बघत बसतात आणि एक वर्ष वाया घालवतात. अर्ज साधारण वर्षाच्या सुरुवातीला निघतात, परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर होते आणि त्यानंतर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या म्हणजे कॅपच्या फेऱ्या होतात.

पुण्यात बीएडसाठी जुन्या आणि नावाजलेल्या संस्था आहेत. टिळक रस्त्यावरचं टिळक शिक्षण महाविद्यालय १९४१ पासूनचं. कर्वे रस्त्यावर एसएनडीटीचं महिलांसाठीचं शिक्षण महाविद्यालय आहे. हडपसरकडून सोलापूर रस्त्याने शहरात येताना कॅम्पात आझम कॅम्पसमध्येही शिक्षण महाविद्यालय आहे.

महाविद्यालय निवडताना चार गोष्टी तपासाव्यात. एनसीटीईची मान्यता चालू आहे का. तुमच्या विषयाची मेथड तिथे शिकवली जाते का. सरावाच्या शाळा कोणत्या आणि किती लांब आहेत. आणि शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेलं शुल्क किती आहे. चौथी गोष्ट विशेष महत्त्वाची, कारण ठरलेल्या शुल्कापेक्षा जास्त पैसे मागितले तर ते देण्याचं कारण नाही.

बीएडच्या दोन वर्षांत काय करावं लागतं?

बीएड म्हणजे नुसती पुस्तकं आणि परीक्षा नाही. छात्राध्यापकाला, म्हणजे बीएडच्या विद्यार्थ्याला, आधी मायक्रो टीचिंग करावं लागतं. पाच-सात मिनिटांचा छोटा पाठ, तोही आपल्याच सहकाऱ्यांसमोर. मग पाठ टाचण काढून खऱ्या वर्गात पाठ घ्यावे लागतात. मागच्या बाकावर निरीक्षक बसलेले असतात आणि पाठ संपला की चुका सांगतात. दोन वर्षांत मिळून सुमारे २० आठवडे शाळेत घालवावे लागतात, त्यातले १६ आठवडे दुसऱ्या वर्षात.

म्हणून सरावाची शाळा किती लांब आहे हा प्रश्न क्षुल्लक नाही. हडपसरहून रोज सकाळी सातच्या शाळेत पोहोचायचं असेल तर गाडीतळावर किती वाजता उभं राहावं लागेल, याचा हिशेब आधीच करावा. नोकरी सांभाळून नियमित बीएड करू, असं म्हणणाऱ्यांची अडचण इथेच होते.

टीईटी : कधी द्यायची आणि कुणाला लागते?

महाराष्ट्रात २०१३ पासून राज्य परीक्षा परिषद टीईटी घेते. १५० गुणांची परीक्षा, उत्तीर्ण व्हायला ६० टक्के म्हणजे ९० गुण लागतात. राखीव प्रवर्गांसाठी ५५ टक्के. पेपर दोनमध्ये बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राला ३०, दोन भाषांना प्रत्येकी ३० आणि गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रांना ६० गुण असतात. शेवटच्या गटाची निवड आपल्या पदवीशी जुळणारी असावी. प्रमाणपत्राची मुदत पूर्वी सात वर्षं होती, २०२१ पासून ते आजीवन ग्राह्य आहे.

टीईटीची सक्ती पहिली ते आठवीसाठी आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती आणखी घट्ट केली. आधीपासून नोकरीत असलेल्या, पण टीईटी न झालेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त अवधी असलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हावं लागेल, असा हा निकाल आहे. जिथे जुन्या शिक्षकांनाही सुटका नाही, तिथे नव्या उमेदवाराने टीईटी टाळण्यात काहीच शहाणपण नाही. पदवी किंवा बीएड चालू असतानाच अभ्यास सुरू केलेला बरा.

एक इशारा. २०१९-२० च्या टीईटीतला गैरव्यवहार पुणे पोलिसांच्या तपासात उघड झाला, अनेकांना अटक झाली आणि हजारो उमेदवारांचे निकाल रद्द झाले. 'पैसे द्या, पास करून देतो' म्हणणाऱ्यामुळे फक्त पैसे जात नाहीत, शिक्षक होण्याचा रस्ताच बंद होतो.

सगळं झालं, आता नोकरी कशी मिळते?

इथे दोन वेगळे रस्ते आहेत.

पहिला रस्ता जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित खासगी शाळांचा. इथे टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते. नाव सारखं असल्याने टीईटी आणि टेट यांत गोंधळ होतो. टीईटी ही पात्रता परीक्षा, टेट ही भरतीसाठीची चाचणी. टेट २०० गुणांची असते, त्यात १२० गुण अभियोग्यतेला आणि ८० बुद्धिमत्तेला. या गुणांवर 'पवित्र' पोर्टलमधून भरती होते. उमेदवार पसंतीक्रम भरतो. खासगी संस्थांच्या जागा मुलाखतीशिवाय किंवा मुलाखतीसह भरल्या जातात.

इथे संयम लागतो. पहिली टेट डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसरी थेट २०२३ च्या सुरुवातीला आणि तिसरी २०२५ च्या उन्हाळ्यात. मधल्या पाच वर्षांत ज्यांचं बीएड पूर्ण झालं त्यांना नुसती वाट बघावी लागली. निवड झाल्यावरही पहिली तीन वर्षं 'शिक्षण सेवक' म्हणून मानधनावर काम करावं लागतं. जानेवारी २०२३ पासून हे मानधन प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार रुपये आहे. त्यानंतर नियमित वेतनश्रेणी मिळते.

दुसरा रस्ता स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा. हडपसर, मगरपट्टा, मुंढवा, मांजरी, उंड्री या पट्ट्यात सीबीएसई आणि इतर मंडळांच्या इंग्रजी शाळा भरपूर वाढल्या आहेत. इथे पवित्र पोर्टल नाही. बायोडेटा, मुलाखत आणि डेमो, म्हणजे वर्गात घेऊन दाखवायचा पाठ, यावर निवड होते. जागा लवकर मिळते, पण पगार आणि नोकरीची शाश्वती शाळेगणिक बदलते. नेमणूकपत्र लेखी घ्यावं आणि त्यावर पद, पगार, कालावधी नीट लिहिलेला आहे का ते बघावं. इंग्रजीतून शिकवण्याचा सराव असेल तर या पट्ट्यात त्याचा थेट उपयोग होतो.

बरेच जण दोन्ही रस्ते एकदम धरतात. जवळच्या इंग्रजी शाळेत शिकवतात आणि टेटची तयारी चालू ठेवतात.

एमए, एमएस्सी आधी की बीएड आधी?

लवकर कमावणं गरजेचं असेल तर बीएड आधी. पदवी आणि बीएड झालं की नववी-दहावीसाठी पात्रता पूर्ण होते. पुढे शिकवता शिकवता एमए करता येतं.

ज्युनिअर कॉलेजातच जायचं असेल तर एमएस्सी किंवा एमए आधी केलेलं सोयीचं, कारण विषयाचा अभ्यास सलग राहतो. मात्र विषय तोच हवा. बीएस्सी रसायनशास्त्र आणि एमए मराठी अशी गुणपत्रिका असेल तर ती व्यक्ती रसायनशास्त्राच्या ज्युनिअर कॉलेज पदाला बसत नाही.

आणि एमएड? शाळेत शिक्षक होण्यासाठी ते लागत नाही. बीएड महाविद्यालयात शिकवायचं असेल किंवा शिक्षणशास्त्रात संशोधन करायचं असेल तर एमएड. माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापक पदासाठीही मुळात प्रशिक्षित पदवीधर असणं आणि पाच वर्षांचा अनुभव, त्यातली किमान दोन वर्षं बीएडनंतरची, अशी अट सेवाशर्तींच्या १९८१ च्या नियमावलीत आहे.

फॉर्म भरण्याआधी स्वतःला विचारायचे प्रश्न

• मला कोणत्या इयत्तेची मुलं आवडतात? लहान मुलं असतील तर डीएलएड, मोठी असतील तर बीएड.

• माझा मेजर विषय दहावीच्या वेळापत्रकात आहे का?

• मायनरसुद्धा शाळेत शिकवला जाणारा विषय आहे का?

• पदवीला ५० टक्क्यांच्या वर राहण्याइतका हा विषय मला जमतो का?

• संस्थेला एनसीटीईची यंदाची मान्यता आहे का?

• टीईटी आणि टेट यांच्या मधल्या काळात घर चालवण्यासाठी माझ्याकडे काही सोय आहे का?

यातल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला एक सोपा उपाय आहे. पवित्र पोर्टलवर आलेल्या जुन्या जाहिरातींपैकी आपल्या जिल्ह्यातल्या चार-पाच जाहिराती काढाव्यात. कोणत्या इयत्तेसाठी, कोणत्या विषयाची आणि कोणत्या माध्यमाची किती पदं होती ते वहीत लिहावं. मग आपण घेणार असलेली पदवी त्यातल्या किती ओळींत बसते ते मोजावं. अर्ध्या तासाचं काम आहे, पण त्यातून पुढच्या पाच वर्षांचा अंदाज येतो. आणि जमलं तर ओळखीच्या एखाद्या शिक्षकाला विचारून एक दिवस आठवीच्या वर्गात मागे बसावं. साठ मुलांच्या वर्गात शेवटचा तास कसा असतो, हे कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.